एमएच ०६ : दुचाकीवर जीव का जडतो?



गणेशचतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात पेणच्या रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसते. मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसाच्या मांडीवर गणपतीची मूर्ती असते. मूर्तीच्या मुखावर रुमाल टाकलेला असतो आणि त्या माणसाचे दोन्ही हात मूर्तीभोवती असतात. पुढे बसलेला गडी एरवी वडखळ नाक्यावर दोन ट्रकच्या मधून गाडी काढणारा; त्या दिवशी मात्र तो प्रत्येक गतिरोधकापाशी पाय टेकवतो, खड्डा दिसला की आधीच वेग मोडतो आणि मागच्याला पुन्हा पुन्हा विचारतो, "बरोबर आहे ना रे?" हमरापूर, जोहे, कळवे या गावांतल्या कारखान्यांत घडलेल्या लाखो मूर्ती ट्रक-टेम्पोने मुंबई-पुण्याला आणि जहाजाने परदेशी जातात. जवळपासच्या गावांतला घरचा गणपती मात्र पुष्कळदा असा दोन चाकांवर बसून येतो.

आजोबांच्या काळात तो पाटावर, डोक्यावरून येत असे. नातवाने त्याला मोटारसायकलवर बसवले आणि घरात कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. दुचाकीने इथल्या घरांत कोणती जागा मिळवली आहे, ते एवढ्यावरून कळते. आजचा विषय तोच आहे. माणसाचा या यंत्रावर इतका जीव का जडतो?

या प्रश्नाची काही ठरलेली उत्तरे आहेत : तरुण रक्त, वेगाची नशा, पडद्यावरचा नायक. ती खोटी नाहीत. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात जी छोटी राजदूत दिसली, तिला लोक पुढे कित्येक वर्षे ‘बॉबी’च म्हणत राहिले. पण पेण-रोह्याच्या रस्त्याकडेला दिवसभर उभे राहिले तर जी माणसे जाताना दिसतात, त्यांत पन्नाशीचा कामगार असतो, मागे बर्फाची पेटी बांधलेला मासळीविक्रेता असतो, शाळेकडे निघालेली शिक्षिका असते. त्यांचे प्रेम या उत्तरांत मावत नाही. ते समजून घ्यायचे तर या मुलखाचा एक जुना अनुभव आधी आठवावा लागतो. तो अनुभव वाट पाहण्याचा आहे.

कुलाबा जिल्हा, म्हणजे १९८१ पासूनचा रायगड, हा खाड्यांचा मुलूख. मुंबई हाकेच्या अंतरावर, पण मध्ये पाणी. धरमतरहून किंवा रेवसहून बोट पकडायची तर भरती-ओहोटी पाहायची, वारा पाहायचा आणि आषाढ-श्रावणात समुद्राची मर्जी सांभाळायची. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत त्या दिवसाची आठवण अजून निघते. पलीकडे जाणे म्हणजे दुसऱ्याच्या हाती जीव सोपवणे, हे त्या पिढीला शिकवावे लागले नाही.

पुढे एसटी आली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली आणि काही वर्षांत लाल गाडी कोकणातल्या आडगावांपर्यंत पोचली. तिचे उपकार मोठे आहेत. मुले तिच्यामुळे शिकली, आजारी माणसे तिच्यामुळे दवाखान्यात पोचली. पण गाव आडबाजूचे असेल तर येणारी गाडी एक आणि जाणारी एक. संध्याकाळी मुक्कामाला येणारी वस्तीची गाडी पहाटे निघायची. ती चुकली की तालुक्याचे काम दुसऱ्या दिवसावर जायचे, आणि तहसील कचेरीतला कारकून रजेवर असेल तर तो दुसरा दिवसही फुकट जायचा.

मग रेल्वे. दिव्याहून पनवेल, पनवेलहून आपटे आणि १९८६ च्या सुमारास रोहा, असा रूळ टप्प्याटप्प्याने पुढे सरकला. मध्य रेल्वे जिथे संपते आणि कोकण रेल्वे जिथून सुरू होते, ते रोहा. कोकण रेल्वेचा रोहा-वीर हा पहिला टप्पा १९९३ मध्ये खुला झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर गाडी धावली. पेण आणि रोहा यांच्यामध्ये कासू, नागोठणे, निडी ही स्थानके आहेत. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र लांब पल्ल्याच्या गाडीला वाट देत थांबलेल्या पॅसेंजरची वाट पाहणे काही चुकले नाही.

होडी, एसटी आणि रेल्वे या तिघींनी अंतर कमी केले. निघायची वेळ मात्र त्यांच्याच हातात राहिली. मोटारसायकलने ही वेळ पहिल्यांदा सामान्य माणसाच्या हातात दिली. पेण-रोह्याच्या दुचाकीप्रेमाचे मूळ इथे आहे.

दुचाकी हातात यायलाही वाट पाहावी लागली. बजाज कुटुंबाच्या, १९४५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने आधी इटलीच्या व्हेस्पा स्कूटर आणून विकल्या. १९५९ मध्ये तिला उत्पादनाचा परवाना मिळाला आणि पुढे पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना उभा राहिला. १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचे, आणि मान घरातल्या घोड्याचाच. कोणत्या कारखान्याने किती गाड्या काढायच्या, ते परवान्यांच्या त्या काळात सरकार ठरवीत असे. त्यामुळे स्कूटर नोंदवून आठ-दहा वर्षे थांबलेली कुटुंबे महाराष्ट्रभर होती. त्याच सुमारास हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ‘लूना’ बाजारात आणली. पन्नास सीसीची, पॅडल मारून सुरू होणारी आणि सायकल येणाऱ्या कोणालाही चालवता येणारी ती गाडी होती. पोस्टमन, प्राथमिक शिक्षक, विमा एजंट यांच्या घरात इंजिन पहिल्यांदा शिरले ते तिच्या रूपाने.

खऱ्या मोटारसायकली तेव्हा मोजक्या आणि भारदस्त. मद्रासहून येणारी बुलेट १९५५ पासून लष्कर आणि पोलिसांची गाडी म्हणून ओळखली जाई. म्हैसूरच्या कारखान्यातली जावा आणि नंतरची येझदी शौकिनांची. राजदूत दूधवाल्यांची, कारण तिच्या दोन्ही अंगांना कॅन लटकवून कच्च्या रस्त्याने जाता येई. १९८५ हे साल या गोष्टीला कलाटणी देणारे ठरले. त्या वर्षी हिरो होंडाची सीडी १०० आली. चार स्ट्रोकचे छोटे इंजिन, आणि लिटरला ऐंशी किलोमीटर जाण्याचा जाहिरातीतला दावा. त्याच वर्षाच्या शेवटी यामाहाची आरएक्स १०० आली. दोन स्ट्रोकची, जेमतेम शंभर किलो वजनाची आणि अकरा अश्वशक्तीची ही गाडी किक मारताच अंगात येई. तिचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, पण जपून ठेवलेली आरएक्स आजही नव्या गाडीपेक्षा अधिक कौतुकाने पाहिली जाते. एक गाडी काटकसरीची आणि एक मस्तीची. पुढे २००१ मध्ये बजाजची पल्सर आली आणि मधली वाट शोधणाऱ्यांचीही सोय झाली.

आकडे हीच गोष्ट सांगतात. २००१ च्या जनगणनेत देशातल्या ११.७ टक्के कुटुंबांकडे स्कूटर, मोटारसायकल किंवा मोपेड होती. २०११ मध्ये हे प्रमाण २१ टक्के झाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ते निम्म्याच्या घरात पोचले. वीस वर्षांत एवढ्या झपाट्याने घराघरांत शिरलेल्या वस्तू थोड्याच आहेत.

रायगडात या गाड्यांचे बारसे होते ते पेणला. जिल्ह्याचे मुख्यालय अलिबाग, पण उपप्रादेशिक परिवहन कार्यालय पेणचे आणि त्याचा क्रमांक एमएच ०६. पनवेलला पुढे ४६ हा वेगळा क्रमांक मिळाला. तरीही रोहा, महाड, पोलादपूर, श्रीवर्धन इथल्या नव्या गाडीच्या पाटीवर ०६ च येतो. मुंबईत किंवा पुण्यात सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीवर हा आकडा दिसला की कोकणी माणूस शेजारच्या अनोळखी स्वाराला बेधडक विचारतो, "कुठले तुम्ही? पेण की रोहा?"

आता या गाड्यांवर कोण बसते ते पाहू. रोह्याला लागून धाटावची औद्योगिक वसाहत आहे. तिथले रासायनिक कारखाने तिन्ही पाळ्यांत चालतात. नागोठण्याला पेट्रोकेमिकल्सचा प्रकल्प आहे, डोलवीला पोलादाचा. रात्री उशिरा पाळी सुटते तेव्हा गावाकडे जाणारी एसटी नसते. पहाटेच्या पाळीला निघणाऱ्यासाठीही नसते. शेती आणि नोकरी एकाच अंगावर सांभाळणारा कामगार पाळी संपवून घरी येतो, चार तास झोपतो आणि भाताच्या खाचरात उतरतो. हे जमते ते अंगणात मोटारसायकल उभी आहे म्हणून. ती नसती तर त्याला गाव सोडून कारखान्याजवळ खोली घ्यावी लागली असती आणि शेत पडीक राहिले असते. कोकणातली किती घरे दुचाकीने गावातच धरून ठेवली, याची मोजदाद कोणी केलेली नाही. ती करण्याजोगी आहे.

खारेपाटात वेगळी गोष्ट. खाडीचे खारे पाणी अडवणाऱ्या बांधांच्या आधाराने इथली आगरी गावे भात पिकवत आली. अनेक ठिकाणी रस्ता बांधाएवढाच रुंद. मोटार जाईल तर समोरून दुसरी येऊ शकत नाही. मोटारसायकल मात्र गुरांच्या कळपातूनही वाट काढते. भल्या पहाटे किनाऱ्यावरून बर्फात ठेवलेली मासळी घेऊन निघालेला विक्रेता ऊन चढायच्या आत आतल्या गावांत पोचतो, कारण त्याला कोणत्याही गाडीच्या वेळापत्रकाला धरून निघावे लागत नाही. डोंगरपट्टीतल्या ठाकूर-कातकरी वाड्यांवरून आजारी माणसाला झोळीतून खाली आणतात. जिथे रस्ता लागतो तिथून पुढे त्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून पेणला नेतात. ही गोष्ट अभिमानाची नाही. रुग्णवाहिका तिथवर पोचायलाच हवी. पण ती पोचेपर्यंत जी गाडी पोचते, तिच्याविषयी त्या वाडीला काय वाटत असेल, हे सहज समजते.

म्हणूनच या भागात नुसते ‘गाडी काढ’ म्हटले की अर्थ एकच. आणि नवी गाडी पाहून विचारला जाणारा पहिला प्रश्नही एकच : "अॅव्हरेज किती देते?" त्यात कंजूषपणा शोधू नये. महिन्याच्या पगारात किती वेळा स्वतःच्या मर्जीने निघता येईल, त्याचा हिशेब त्या प्रश्नात असतो.

सोय मात्र प्रेमाचे अर्धेच कारण आहे. सोयीच्या वस्तू पुष्कळ असतात. पाण्याचा पंप सोयीचा असतो, पण रविवारी कोणी पंपाला आंघोळ घालून फडक्याने पुसत बसत नाही. दुसरे अर्धे कारण शरीरात आहे.

नागोठण्याहून रोह्याला जाताना भिसे खिंड लागते. एसटीने ती चढताना वळणावळणाला उतारू बाहेरच्या बाजूला फेकला जातो, म्हणून तो समोरच्या सीटची दांडी घट्ट धरतो. त्याच वळणावर मोटारसायकलस्वार आत झुकतो. झुकल्यामुळे पृथ्वीची ओढ आणि वळणाचा बाहेर ढकलणारा जोर यांची बेरीज त्याच्या पाठीच्या कण्याच्या रेषेत उतरते. अंगाला बाजूचा हिसका बसत नाही, फक्त आपण सीटवर किंचित जड झालो असे वाटते. वळणाची त्रिज्या ३० मीटर आणि वेग ताशी ४० किलोमीटर धरला, तर साधारण २३ अंश झुकावे लागते आणि स्वाराला आपले वजन आठ-नऊ टक्क्यांनी वाढल्यासारखे भासते. कोकणातल्या घराच्या पडवीतला झोपाळा खाली येताना पोटात जो भार दाटतो, तो याच जातीचा. झोपाळ्यावर बसलेले मूल ‘अजून एकदा’ म्हणते आणि खिंड उतरलेला स्वार पुढच्या खिंडीची वाट पाहतो, यामागे एकच शरीर आहे.

गाडी वळते कशी, हे तर बहुतेक स्वारांना सांगताही येत नाही, आणि तरीही ते दररोज बिनचूक वळवतात. डावीकडे वळायचे तर हँडलचा डावा दांडा क्षणभर पुढे ढकलावा लागतो. म्हणजे चाक आधी किंचित उजवीकडे जाते, गाडी डावीकडे कलते आणि मग वळते. विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंचा मूळ धंदा सायकलींचा. त्यांतल्या विल्बरने ही गोष्ट सायकलस्वारांत टिपून ठेवली होती. हे लोक करतात ते एक आणि सांगतात ते दुसरेच, असे त्याच्या लक्षात आले होते. दोन चाकांचे वाहन चालताना आपोआप तोल का सांभाळते, हा प्रश्नही अनेक वर्षे सोपा समजला गेला. चाकाच्या भोवऱ्यासारख्या फिरण्याने तोल राहतो, असे पुस्तकांत छापले जाई. २०११ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की तो परिणाम काढून टाकला तरी सायकल स्वतःचा तोल सांभाळू शकते. विद्वानांना अजून पूर्ण न उलगडलेली विद्या जोह्याच्या एखाद्या मूर्तिकाराच्या मनगटात मुरलेली असते. जे शब्दांशिवाय अंगाला येते, त्याचा आनंद पोहणाऱ्याला ठाऊक असतो, ढोलकी वाजवणाऱ्याला ठाऊक असतो आणि गाडी चालवणाऱ्यालाही.

मनावर होणारा परिणाम मोजण्याचेही प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेतल्या लॉस एंजलिसच्या विद्यापीठातील संशोधकांनी पन्नासहून अधिक अनुभवी स्वारांना सुमारे वीस मिनिटे मोटारसायकल चालवायला लावून त्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी आणि शरीरातली संप्रेरके तपासली. हृदयाचे ठोके सुमारे ११ टक्क्यांनी आणि अॅड्रेनालिन २७ टक्क्यांनी वाढले, तर ताणाशी निगडित संप्रेरकांची खूण २८ टक्क्यांनी घटली. या संशोधनाला हार्ले-डेव्हिडसन कंपनीने पैसा पुरवला होता, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावे. तरीही पाळी संपवून घराकडे निघालेल्या माणसाला विचारले तर तो याहून वेगळे सांगणार नाही. कारखान्यातली कटकट डोक्यात घेऊन तो फाटकाबाहेर पडतो आणि गावाच्या वेशीवर येईपर्यंत ती उतरलेली असते. जपानी समाजशास्त्रज्ञ इकुया सातो यांनी १९८० च्या दशकात क्योटोतल्या बेफाम मोटारसायकल टोळ्यांचा अभ्यास केला. त्या पोरांनीही असेच सांगितले होते : सगळे लक्ष एका जागी गोळा होते आणि बाकीचे जग पुसले जाते. हाच अनुभव सातो यांच्या पोरांनी रस्ते अडवून, कायदे मोडून मिळवला. धाटावचा कामगार तो ताशी चाळीसच्या वेगात, डब्याची पिशवी हँडलला अडकवून मिळवतो.

आणि वास. हे फक्त दुचाकीवर कळते. पेणजवळ पोह्यांचा गरम वास नाकात जातो. वडखळ सोडले की खाडीचा, ओहोटीच्या चिखलाचा. जूनमध्ये राब भाजलेल्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की मातीत राखेचा वास मिसळतो. खिंडीत शिरताच झाडीतला गारवा थेट मनगटांवर येतो, आणि धाटाव जवळ आले की रसायनांचा उग्र दर्पही चुकत नाही. पेण ते रोहा हे चाळीसेक किलोमीटरचे अंतर डोळे मिटूनही ओळखता यावे, इतके ते नाकाला आणि कातडीला पाठ असते. याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ मध्ये विनोबा भावे जन्मले. भूदानासाठी ते १९५१ पासून तेरा वर्षे देशभर पायी चालले. पायी चालणाऱ्याला जमीन जितकी कळते, तितकी दुसऱ्या कोणाला कळत नाही. पण इंजिन लावलेल्या वाहनांत जमिनीच्या सर्वांत जवळून जाणारे वाहन मोटारसायकल हेच आहे.

जिवंत सोबत्याची करावी तशी तिची निगा राखली जाते. प्लग काढून पॉलिश पेपरने घासणे, चेनला तेल देणे, क्लचची तार थोडी सैल करणे, पहिल्या पावसाआधी ब्रेक लायनर पाहणे ही कामे बाप मुलाला शिकवतो. नव्या गाड्यांत कारब्युरेटर गेला, इंधनाचा हिशेब संगणक करू लागला. तरी आवाजात फरक पडला की मालकाला आधी कळते, मेकॅनिकला नंतर. खंडेनवमीला आणि दसऱ्याला गाडी धुऊन, हळद-कुंकू लावून, झेंडूचा हार घालून उभी करतात. ज्या पूजेत पूर्वी तलवार, नांगर आणि करवत असे, तिथे आता गाडीची किल्ली ठेवली जाते. रोह्यात त्याच दिवसांत ग्रामदैवत धावीर महाराजांचा उत्सव भरात असतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पालखी निघते आणि पोलीस तिला सशस्त्र सलामी देतात. त्या पालखीच्या वाटेवर घराघरांपुढे उभ्या असलेल्या हार घातलेल्या गाड्या पाहिल्या की यंत्र आणि श्रद्धा यांचे इथे भांडण नाही, हे दिसते.

या गोष्टीतला सर्वांत मोठा बदल गेल्या पंचवीस वर्षांतला आहे आणि तो स्त्रियांनी केला. लूनाने दार किलकिले केले होते. गिअर नसलेल्या, बटणावर सुरू होणाऱ्या स्कूटरने ते सताड उघडले. खेड्यातल्या मुलीचे शिक्षण दहावीनंतर का थांबते, याचे एक साधे उत्तर ‘कॉलेज लांब आहे आणि गाडीची वेळ जमत नाही’ हे होते. आज रोह्याच्या आणि पेणच्या कॉलेजांसमोर उभ्या असलेल्या स्कूटरांची रांग त्या उत्तराला खोडून काढते. आशा सेविका, अंगणवाडीच्या ताई, बचत गटाच्या अध्यक्षा यांनी नवऱ्याने सोडायची आणि आणायची वाट पाहणे बंद केले. गुढीपाडव्याला गिरगावात आणि डोंबिवलीत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेट चालवणाऱ्या बायकांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, आणि ती यायलाच हवीत. २०२३ मध्ये रमिला लटपटे यांनी तर गेटवे ऑफ इंडियापासून नऊवारीतच मोटारसायकलवरून जगप्रवास सुरू केला. पण मुलाला पुढे उभे करून, पावसाळी कोट घालून, सकाळी आठला आरोग्य उपकेंद्राकडे निघालेली परिचारिका ही त्याच मिरवणुकीतली आहे.

आता जिच्याकडे पाठ फिरवून हे व्याख्यान पुरे होऊ शकत नाही, त्या बाजूकडे वळू. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांतली ७४,८९७, म्हणजे शंभरातली जवळजवळ पंचेचाळीस, दुचाकीवरची होती. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण गेले. वर सांगितलेल्या हिशेबाचा उरलेला भाग इथे सांगायला हवा. त्याच ३० मीटरच्या वळणावर वेग चाळीसऐवजी साठ केला तर झुकायचा कोन २३ वरून ४३ अंशांवर जातो. ओल्या रस्त्यावर साध्या टायरला तो कोन पेलत नाही. वेग दीडपट झाला, पण रस्त्याकडून मागितलेली पकड सव्वादोनपट झाली. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे चार महिने रस्ता ओलाच.

रस्त्याचीही जबाबदारी आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये हात घातला गेला. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड ही गावे याच पट्ट्यातली. त्यानंतर एक तप उलटून गेले, तरी गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्यांना खड्ड्यांतून वाट काढावी लागली. मोटारीतल्याचा खड्ड्यात टायर फुटतो. दुचाकीवरचा माणूस मागून येणाऱ्या ट्रकपुढे पडतो. ज्यांनी दुचाकीवर विश्वास टाकून आपली वेळ आपल्या हातात घेतली, त्यांना सपाट रस्ता मिळणे हा त्यांचा हक्क आहे. तो मागताना कोणी संकोच करू नये.

पण जे आपल्या हातात आहे, त्याला रस्त्याची सबब चालत नाही. मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने गाजलेला लेखक-सैनिक, आपल्या ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून जात होता. सायकलवरच्या दोन मुलांना वाचवताना तो पडला, डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदूशल्यविशारद होते. ते मरण त्यांना विसरता आले नाही. त्यांनी लष्करातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, हेल्मेटने प्राण वाचतात हे १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. पुढे अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २००८ मध्ये घेण्यात आला. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे करते. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले. पेण-रोह्यातही हेल्मेट पुष्कळदा आरशाला लटकलेले किंवा कोपरात अडकवलेले दिसते. उकडते, केस गळतात, गाव जवळच आहे, ही सगळी कारणे ऐकून घ्यावीत आणि तरीही हेल्मेट घालून पट्टा लावावा. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या पोराच्या हातात गाडीची किल्ली देऊ नये. आरएक्सचा आवाज त्याला कितीही साद घालत असला तरी देऊ नये.

ज्या गाडीने या मुलखातल्या माणसाला वाट पाहण्यातून सोडवले, तिच्यापायी घरी कोणाला कायमची वाट पाहावी लागू नये, एवढे मागणे या व्यासपीठावरून करावेसे वाटते. सुरुवात येत्या चतुर्थीपासून करता येईल. हमरापूरहून, जोह्याहून, पेणच्या बाजारातून मूर्ती घेऊन निघताना रुमालाबरोबर दुसरे हेल्मेटही आठवणीने न्या आणि ते मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर घाला. त्याचे दोन्ही हात गणपतीला धरून असतात. गाडी घसरली तर स्वतःला सावरायला त्याच्याजवळ एकही हात मोकळा नसतो.